कडीला कडी: चेनमेलचे दागिने घडवण्यापासून विकण्यापर्यंत

चेनमेल म्हणजे धातूच्या छोट्या कड्या एकमेकींत ओवून केलेली वीण. तिच्या एका साध्या ब्रेसलेटला तीनशे कड्या सहज लागतात. त्यातल्या दोनशे नव्व्याण्णव नीट मिटल्या आणि एक केसभर उघडी राहिली, तर गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते ती एकच. तिच्यात स्वेटरचा धागा अडकतो, मनगटावर ओरखडा उठतो आणि एक दिवस साखळी तिथूनच सुटते. कोणती तार घ्यायची, कोणती वीण निवडायची, दिवसाला किती नग होतील, किंमत काय लावायची, या धंद्यातला प्रत्येक निर्णय शेवटी कडी मिटण्यापाशी येऊन पोचतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्या एका क्रियेला आणि तिच्यात जाणाऱ्या वेळेच्या हिशेबाला दिली आहे.

जिरेटोप, जिरेबख्तर हे शब्द आपल्या कानावरचे आहेत. त्यातलं 'जिरे' फारसीतून आलं आणि त्याचा अर्थच कड्यांचं चिलखत. लढाईच्या चिलखतात बहुधा कडीची दोन्ही टोकं चपटी करून एकावर एक ठेवत आणि त्यातून बारीक रिव्हेट मारत, म्हणजे ताण आला तरी कडी उघडायची नाही. दागिन्यात आपण रिव्हेट मारत नाही, बहुतेक वेळा डागही देत नाही, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडत नाही. टोकाला टोक फक्त भिडवतो. त्यामुळे सगळी मजबुती तारेच्या कडकपणावर आणि आपल्या हातावर येते.

आधी गणित: कडीचं गुणोत्तर

कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, हे चेनमेलचं मूळ सूत्र. या गुणोत्तराला कारागीर 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' किंवा नुसतं 'ए.आर.' म्हणतात. आतला व्यास ४ मिमी आणि तार १ मिमी असेल, तर ए.आर. ४. प्रत्येक विणीला ठरावीक ए.आर. लागतो. तो कमी पडला तर शेवटची कडी आत शिरतच नाही. जास्त झाला तर वीण ढिली पडते, आकार धरत नाही आणि हातात दोरीसारखी लोंबते.

नवशिक्याने लक्षात ठेवावेत असे काही आकडे: बायझंटाईन विणीला साधारण ३.५; युरोपियन फोर-इन-वन (एका कडीत चार कड्या) ही पट्टीसारखी सपाट वीण ३.५ ते ५ पर्यंत सांभाळून घेते. फुल पर्शियन सिक्स-इन-वनला ५ च्या आसपास. जेन्स पिंड नावाची घट्ट दोरीसारखी वीण ३ च्या जवळ लागते आणि ती फार हट्टी आहे. दशांशाने इकडेतिकडे झालं तरी बिघडते. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

आता सर्वांत महागडी चूक. बाजारात तार गेजवर, म्हणजे जाडीच्या क्रमांकावर विकतात आणि गेजची दोन मापं प्रचलित आहेत. अमेरिकन मापात १८ गेज म्हणजे १.०२ मिमी. ब्रिटिश मापात तेच १८ गेज म्हणजे १.२२ मिमी. १६ गेज एका मापात १.२९, दुसऱ्यात १.६३. आता '१८ गेज, साडेतीन मिमी' अशा कड्या मागवल्या असं समजा. अमेरिकन माप असेल तर ए.आर. ३.४ येतो आणि बायझंटाईन छान बसते. ब्रिटिश असेल तर २.९ वर येतो आणि तीच वीण होणारच नाही. चांदी, तांबं यांना बहुधा अमेरिकन माप लावतात, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमला ब्रिटिश. पण यावर विसंबू नका. विक्रेत्याला नेहमी मिलिमीटरमध्ये विचारा आणि माल हातात आला की व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे मिलिमीटरचा बारीक अंश मोजणाऱ्या साधनाने, दहा कड्या मोजा. हे साधन पहिल्याच दिवशी विकत घ्या.

एक वही ठेवा. वीण, धातू, तारेची मोजलेली जाडी, कडीचा मोजलेला आतला व्यास, एक इंच साखळीला किती कड्या लागल्या, वीण कशी वाटली, एवढं दर वेळी लिहा. सहा महिन्यांनी कुणी 'तसंच अजून एक करून द्या' म्हटलं की ही वहीच उपयोगी पडते.

धातू कोणता घ्यावा

सरावासाठी तांबं घ्या. ते मऊ आहे, पकडीखाली ऐकतं, चूक लगेच दाखवतं आणि वाया गेलेल्या कड्या भंगारात जातात. तांबं काळवंडतं आणि काहींच्या त्वचेवर हिरवट डाग उठवतं, हे मात्र विकताना आधीच सांगायला हवं.

अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त. रंगीत, म्हणजे अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम मोठ्या कानातल्यांसाठी उत्तम, कारण कानाला वजन जाणवत नाही. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या कड्यांना काळी भुकटी लागलेली असते. बाटलीत गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे थेंब घालून कड्या खळाखळा हलवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. हे विणण्याआधीच करा, नाहीतर काळेपणा हातावर आणि मग गिऱ्हाइकाच्या बाहीवर जातो. रंगीत कड्या आधी कापून मग रंगवलेल्या आहेत का, हेही विचारा. रंगीत तार नंतर कापली तर प्रत्येक सांध्यावर पांढरा ठिपका राहतो.

स्टेनलेस स्टील रोज वापरायच्या दागिन्याला मला सर्वांत आवडतं. काळं पडत नाही आणि एकदा मिटलेली कडी सहसा हलत नाही. पण ते कडक असतं. १ मिमीपेक्षा जाड स्टील घेतलं की मनगटं दुखू लागतात, त्यामुळे आधी दोन महिने मऊ धातूवर हात बसवा. टायटॅनियम हलकं आणि त्वचेला सोसणारं आहे, पण स्प्रिंगसारखं उलटतं. नायोबियमही त्वचेला सोसतं आणि वळायला बरंच मऊ आहे. या दोघांवरचे रंग शाईचे नसतात. विजेच्या दाबाने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि थराच्या जाडीनुसार प्रकाश वेगळा परावर्तित होऊन रंग दिसतो. हा थर ओरखडला की रंग गेला, म्हणून तिथे पकड फार जपून चालवावी लागते.

चांदी शेवटी. ९२५ शिक्क्याच्या चांदीत ९२.५ टक्के शुद्ध चांदी असते. चेनमेलसाठी तार अर्धकडक घ्या. पूर्ण मऊ तारेच्या कड्या मिटायला सोप्या, पण ताणाखाली हळूहळू उघडतात.

मुलामा दिलेल्या स्वस्त कड्यांपासून लांब राहा असं माझं स्पष्ट मत आहे. सांध्याच्या जागी आतला धातू उघडा पडतो, कडीवर कडी घासते तसा मुलामा झिजतो, आणि वर्षभरात तुमच्या नावाने विकलेला दागिना डागाळलेला दिसतो. आत कोणता धातू आहे ते बऱ्याचदा विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. त्यात निकेल निघालं तर गिऱ्हाइकाला खाज आणि पुरळ. युरोपात तर त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून निकेल किती पाझरावं याला मर्यादा आहे: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भागात घालायच्या वस्तूंसाठी ०.२. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली तार तर दागिन्यासाठी आणूच नका, आणि ती कधीही तापवू नका. जस्ताचा धूर विषारी असतो.

हत्यारं

दोन पक्कडी लागतात आणि त्या चांगल्या लागतात. दोन्हींचे जबडे आतून गुळगुळीत हवेत. दातेरी पक्कड प्रत्येक कडीवर आपली खूण उमटवते. एक चपट्या तोंडाची आणि एक निमुळत्या तोंडाची, ही जोडी बहुतेकांना सोयीची पडते. काहींना दुसरी वाकड्या तोंडाची बरी वाटते. जबडे फार बारीक नकोत. कडीचा जितका भाग पकडीत येईल तितकी ती कमी घसरते. रंगीत कड्यांसाठी जबड्यांवर प्लास्टिकचा पातळ लेप चढवतात. तो झिजतो, पुन्हा चढवावा लागतो.

बाकी सामान साधं: व्हर्नियर, कड्या घरंगळू नयेत म्हणून मऊ कापडाचा किंवा फोमचा तुकडा, डोळ्यांवर सावली पडणार नाही असा दिवा, गरज असेल तर भिंगाचा चष्मा, झाकणाच्या छोट्या डब्या. दर डबीवर धातू, जाडी आणि व्यास लिहा. १.० आणि १.२ मिमीच्या कड्या एकदा मिसळल्या की निवडण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

कड्या विकत की घरी?

सुरुवातीला विकत घ्या, आणि करवतीने किंवा मशीनवर सपाट कापलेल्याच घ्या. कटरने चिमटून कापलेल्या कडीची टोकं पाचरीसारखी तिरकी असतात, ती कितीही दाबली तरी भिडल्यासारखी दिसत नाहीत. ही स्वस्ताई महागात पडते.

घरी करायच्या असतील तर एका स्टीलच्या दांडीवर तार घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायची, गुंडाळी काढून लांबीच्या दिशेने सोनाराच्या करवतीने कापायची. २/० किंवा ३/० चं पातं चालतं. पात्याला मेण किंवा थोडं तेल लावलं की सरळ जातं. गुंडाळी बोटांनी धरून कापू नका, लाकडी खाचेत बसवा. ड्रिल मशीनवर गुंडाळत असाल तर वेग अगदी कमी ठेवा, संरक्षक चष्मा घाला, हातमोजे मात्र घालू नका, ते तारेबरोबर ओढले जातात. तारेचं शेवटचं टोक सुटलं की चाबकासारखं फटकारतं.

दांडी ४ मिमीची घेतली म्हणजे कडी ४ मिमीचीच होईल असं नाही. दांडीवरून काढल्यावर गुंडाळी थोडी उलगडते. तांब्यात फरक किरकोळ, स्टील आणि टायटॅनियममध्ये चांगलाच जाणवतो. दहा वेढे घ्या, कापा, मोजा आणि मग दांडी पक्की करा.

किती तार लागेल याचा हिशेब सोपा आहे. आतला व्यास अधिक तारेची जाडी, त्याला ३.१४ ने गुणा. ४ मिमी व्यास आणि १ मिमी तार म्हणजे एका कडीला १५.७ मिमी तार, मीटरमागे ६३ कड्या. तीनशे कड्यांना पावणेपाच मीटर, कापण्यातली घट धरून सव्वापाच. याच तीनशे कड्यांचं वजन अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे १० ग्रॅम, टायटॅनियममध्ये १७, स्टीलमध्ये २९, तांब्यात ३३ आणि ९२५ चांदीत ३८ ग्रॅम. मोठे डूल करण्याआधी हे आकडे पाहा.

कडी मिटवणं

इथे घाई करू नका. पहिले दोन दिवस काही विणायचं नाही, फक्त शंभर कड्या उघडायच्या आणि मिटायच्या.

कडीचा काप घड्याळातल्या बारावर ठेवा. एक पक्कड दहाच्या जागी, दुसरी दोनच्या. उघडताना टोकं एकमेकांपासून बाजूला ओढू नका, त्याने गोलाई कायमची जाते. एक हात आपल्याकडे, दुसरा पलीकडे असं फिरवा. दाराची फळी उघडावी तसं एक टोक पुढे आणि एक मागे जायला हवं. समोरून पाहिलं तर कडी अजूनही गोलच दिसली पाहिजे.

मिटताना तसंच उलटं फिरवायचं, पण एक गोष्ट जास्त. फिरवत असतानाच दोन्ही टोकं किंचित आतल्या बाजूला, एकमेकांकडे दाबत राहा. टोक टोकाच्या थोडं पुढे जाऊ द्या, मग परत आणा. टोकं एकमेकांवर घासताना बारीक 'टिक' जाणवतो, कधी कानाला, कधी पकडीतून बोटाला. तो 'टिक' म्हणजे धातू धातूला नेटाने भिडला. नुसतं सरळ रेषेत आणून सोडलं तर धातू स्वभावाप्रमाणे थोडा उलटतो आणि फट राहते. पुढे जाऊन मागे येणं हा त्या उलटण्यावरचा उपाय आहे.

चुका मोजक्याच असतात. टोकं समोरासमोर पण मधे फट: आतला दाब कमी पडला. टोकं भिडलेली पण एक वर, एक खाली: दोन्ही पक्कडी एका पातळीत नव्हत्या. कडी अंड्यासारखी लांबट: दाब सांध्याऐवजी बाजूंवर पडला. पकडीची खूण: जोर जास्त किंवा जबड्याची धार टोकदार, जबड्यांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित गोल करून घ्या. तपासायला नख फिरवा. नख अडखळलं तर धागाही अडखळेल. मी पूर्ण झालेला प्रत्येक नग जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून दोन्ही दिशांनी ओढते. जिथे अडकेल तिथली कडी दुरुस्त करायची. नजरेतून सुटलेल्या कड्या हा पायमोजा पकडतो, आणि कडक उजेडात भिंगाने पाहण्यापेक्षा हे लवकर होतं.

तिसऱ्या प्रयत्नातही मिटली नाही ती कडी टाकून द्या. वाकवताना धातू कडक होत जातो, थोडं वाकवणं चांगलंच, पण तेच तेच वाकवलं तर तो ठिसूळ होतो.

दर अर्ध्या तासाला पक्कड खाली ठेवा, बोटं ताणा, लांबवर पाहा. पक्कड मुठीत आवळून धरायची गरज नसते. जोर मनगटाने नाही, कोपरापासून फिरवून लावावा. दुखऱ्या मनगटाने केलेलं कामही कच्चं होतं.

पहिली खरी साखळी: बायझंटाईन

ही वीण दिसायला अवघड, करायला सोपी आणि विकायला खात्रीची. ए.आर. ३.५ च्या तांब्याच्या कड्या घ्या. मधल्या घडीची गंमत समजायला पहिल्यांदा दोन रंगांच्या कड्या वापरा.

१. एका रंगीत तारेच्या तुकड्यात दोन कड्या ओवा. तो तुकडा म्हणजे धरायची मूठ. या दोन कड्यांत दोन कड्या घालून मिटा, त्यांच्यात आणखी दोन. दोन-दोन-दोन अशी साखळी झाली.

२. शेवटच्या जोडीतली एक कडी डावीकडे आणि एक उजवीकडे अशी खाली दुमडा, मुठीच्या दिशेने. दोन्ही कड्या बोटांच्या चिमटीत धरून ठेवा.

३. आता वर मधली जोडी आली. तिच्या दोन कड्या वरून किंचित फाका. मधल्या फटीतून दुमडलेल्या कड्यांच्या कडा वर डोकावतील.

४. उघडी कडी त्या फटीतून, दुमडलेल्या दोन्ही कड्यांमधून ओवा आणि मिटा. तिच्या शेजारून दुसरी तशीच. गाठ बसली, चिमटी सोडली तरी उलगडत नाही.

५. या नव्या जोडीत दोन कड्या, त्यांच्यात आणखी दोन. शेवटची जोडी पुन्हा दुमडा, मधली फाका, दोन कड्या ओवा. असं चालू ठेवा. दर फेरीला सहा कड्या.

गाठीनंतर दोनऐवजी एकच जोडी जोडून लगेच दुमडली तर बॉक्स वीण होते, फेरीला चार कड्यांची, चौकोनी आणि भरीव. अर्थात बायझंटाईन करताना मोजणी चुकली तर मधेच एक बॉक्स उगवतो. दर पाच फेऱ्यांनी साखळी उजेडात धरून नमुना सारखा आहे ना ते पाहा, म्हणजे दहा सेंटिमीटर उसवायची वेळ येत नाही.

कड्या विणायच्या आधीच तयार ठेवा: ज्या जोड्या दुसऱ्या कडीबरोबर सोबतच ओवता येतात त्या मिटून, बाकीच्या नीट उघडून. विणताना हात एकाच क्रियेत राहिले की वेळ बराच वाचतो.

लांबी आणि हूक

मनगट १६ सेंमी म्हणून साखळी १६ सेंमीची केली तर ती बसणार नाही. जाड साखळी वळली की तिची आतली बाजू आखूड होते, आणि ही तूट जाडीच्या ३.१४ पट असते. ६ मिमी जाड साखळीत जवळपास १.९ सेंमी गेले. त्यात सैलपणासाठी सेंटिमीटरभर धरा, म्हणजे हुकासकट १९ सेंमी. मागणी घेताना 'मनगट किती' एवढंच विचारा, 'ब्रेसलेट किती लांब' असं विचारू नका. हिशेब आपण करायचा.

हूक साखळीच्या तोलाचा हवा. भारी साखळीला इवलासा लॉबस्टर हूक (खेकड्याच्या नांगीसारखा, स्प्रिंगचा) लावला की साखळी शाबूत आणि हूक तुटलेला अशी तक्रार येते. कडी-दांड्याचा हूक एका हाताने लावता येतो, पण दांडा शेवटच्या कड्यांतून पार होईल एवढी मोकळी जागा सोडावी लागते. चुंबकाचा हूक वयस्कर लोकांना सोपा वाटतो. मात्र पेसमेकर असलेल्यांनी तो वापरू नये, हे वर्णनात ठळक लिहा.

साफसफाई आणि चमक

तांबं, पितळ, चांदी आणि स्टीलसाठी टंबलर, म्हणजे फिरतं छोटं पिंप, फार उपयोगी. पिंपात स्टेनलेस स्टीलचे बारीक गोळे, ते बुडतील एवढं पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, आणि एक ते दोन तास फिरवणं. कापाच्या बारीक धारा मोडतात, चमक येते आणि कडी थोडी कडकही होते. रंगीत अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम, नायोबियम, इनॅमलची तार, मोती किंवा मऊ खडे यात घालू नका. त्यांना साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे.

चांदी किंवा तांब्याला जुनाट काळी झाक हवी असेल तर लिव्हर ऑफ सल्फर या गंधकयुक्त रसायनाच्या कोमट द्रावणात बुडवतात. उघड्या हवेत करा, आणि त्या द्रावणाजवळ आम्ल आणू नका, विषारी वायू सुटतो. नंतर वरचा भाग पुसून उजळला की खाचांत काळं राहतं आणि वीण उठून दिसते.

किंमत

बहुतेक कारागीर इथे स्वतःवर अन्याय करतात. साहित्याच्या तिप्पट किंमत लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. चेनमेलला तो लागूच पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं आणि चांदीचं ब्रेसलेट विणायला वेळ जवळपास सारखाच जातो, साहित्याच्या किमतीत मात्र प्रचंड फरक. तिप्पटीच्या हिशेबाने अ‍ॅल्युमिनियमचा नग मजुरीही देत नाही आणि चांदीचा विकला जात नाही.

घड्याळ लावून काम करा. सराव झालेल्या हाताला एक कडी उघडून, ओवून, मिटायला पंचवीस सेकंद लागतात असं धरू. तीनशे कड्या म्हणजे दोन तास पाच मिनिटं. हूक लावणं, मोज्यावरून तपासणं, फोटो, वर्णन, डबीत भरणं, पत्ता लिहिणं यांना पाऊण तास तरी जातोच. म्हणजे दोन तासांचं काम खरं तीन तासांचं आहे. तीन तास गुणिले तुमचा ताशी दर, अधिक वाया गेलेल्या कड्यांसकट साहित्य, अधिक वीज, हत्यारांची झीज, प्रदर्शनाचं भाडं किंवा विक्री-संकेतस्थळाचं कमिशन यांचा त्या नगावरचा वाटा. एवढं जमलं म्हणजे नुसता खर्च भागला. त्यावर धंद्याचा नफा धरला की घाऊक किंमत, आणि तिच्या सुमारे दुप्पट ही किरकोळ विक्रीची किंमत.

दुप्पट का, असं वाटेल. उद्या एखाद्या दुकानाने दहा नग मागितले तर ते निम्म्याच्या आसपास मागणार. किरकोळ किंमत आधीच तळाला असेल तर ती ऑर्डर तुम्हाला नाकारावी लागते, किंवा स्वीकारून तोटा सोसावा लागतो. दोन्ही मी केलं आहे. पहिल्या वर्षी एका दुकानाला ठरलेल्या किमतीत पंचवीस ब्रेसलेटं दिली आणि हिशेब मांडला तेव्हा तासाची मजुरी साहित्य विकणाऱ्याच्या हमालापेक्षाही कमी निघाली.

हिशेबाने आलेली किंमत बाजार देत नसेल तर मजुरी कापू नका, नग बदला. जाड तार आणि मोठी कडी घेतली की तेवढ्याच लांबीला कड्या कमी लागतात. अख्ख्या साखळीऐवजी तीन सेंटिमीटरची बायझंटाईन लटकन म्हणून तयार साखळीत घाला. कानातले चाळीस-पन्नास कड्यांत होतात, त्यांची किंमत गिऱ्हाइकाला परवडते आणि तासाचा हिशेब बहुधा ब्रेसलेटपेक्षा चांगला येतो. माझ्या मते सुरुवातीच्या मांडणीत निम्मे नग कानातले असावेत, थोडी ब्रेसलेटं, आणि एक-दोन मोठे हार. हार कमी विकले जातात, पण त्यांच्यापाशी लोक थांबतात.

दाखवणं आणि विकणं

चेनमेलचा फोटो काढणं अवघड, कारण प्रत्येक कडी आरसा असते. थेट ऊन किंवा फ्लॅश नको. खिडकीशेजारी, मधे पांढरा पातळ कागद किंवा कापड, पाठीमागे फिकट राखाडी. एक फोटो पूर्ण नगाचा, एक अगदी जवळून विणीचा, एक अंगावर घातलेला, एक हुकाचा. जवळचा फोटो काढताना एखादी कडी उघडी दिसली तर फोटो पुन्हा काढू नका, आधी कडी दुरुस्त करा.

वर्णनात धातू नेमका लिहा: '९२५ चांदी', 'तांब्यावर चांदीचा मुलामा', 'अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम'. नुसतं 'चांदीसारखं' किंवा 'सिल्व्हर टोन' लिहून लोकांना संभ्रमात पाडू नये. सोबत लांबी, रुंदी, ग्रॅममध्ये वजन, कड्यांची संख्या आणि निगा कशी राखायची ते. कड्यांची संख्या जरूर लिहा. 'तीनशे बारा कड्या, प्रत्येक हाताने मिटलेली' हे वाक्य किंमत समजावून सांगतं.

प्रदर्शनात एक अर्धवट विणलेली साखळी आणि पकडी घेऊन बसा आणि काम करत राहा. लोक थांबतात, विचारतात, नग हातात घेतात. चेनमेल हातात घेतल्यावरच कळतं, त्याचं वजन आणि ते बोटांवरून पाण्यासारखं ओघळणं फोटोत येत नाही. मनगट मोजायची पट्टी, आरसा आणि जागीच लांबी कमी-जास्त करायची तयारी ठेवा. दोन फेऱ्या काढणं पाच मिनिटांचं काम आहे.

दुकानाशी व्यवहार दोन तऱ्हांनी होतो. एकात दुकानदार माल घाऊक विकत घेतो. दुसऱ्यात तो फक्त ठेवून घेतो आणि विकला गेल्यावर पैसे देतो. दुसऱ्या प्रकारात नगांची यादी, पैसे कोणत्या तारखेला मिळणार, हरवला किंवा खराब झाला तर जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्या.

बायझंटाईन, युरोपियन, पर्शियन या विणी सर्वांच्या आहेत. पण एखाद्याने स्वतः रचलेला नमुना त्याच्या शिकवणीतून उचलून विकायचा असेल तर आधी परवानगीच्या अटी वाचा. काहीजण नाव दिलं की विकू देतात, काहीजण देत नाहीत.

विकल्यानंतर

प्रत्येक नगासोबत दोन-तीन जादा कड्या आणि एक छोटी चिठ्ठी द्या: झोपताना आणि पोहताना काढून ठेवा, साबणपाण्याने धुवा, सुटली तर ओढू नका, परत पाठवा. कडी सुटली तर दुरुस्ती फुकट, हुकाची दुरुस्ती फक्त साहित्याच्या खर्चात, असं मी पहिल्यापासून ठेवलं आहे. कानातले परत घ्यायचे नाहीत हेही आरोग्याच्या कारणासह विकतानाच लिहून देते. लहान मुलांसाठी मागणी आली तर सुटलेली कडी गिळली जाऊ शकते हे सांगून मी नकार देते.

दुरुस्तीला आलेला नग आधी भिंगाखाली पाहा. कडी ताणली जाऊन अंडाकृती झाली असेल तर साखळी कुठेतरी अडकून ओढली गेली. गोल राहून फक्त सांधा सरकला असेल तर ती आपल्याकडूनच कच्ची मिटली गेली होती. आतली बाजू झिजून पातळ झाली असेल तर तार या वापराला नाजूक होती, पुढच्या वेळी जाड घ्यावी. तिन्हींची नोंद वहीत त्या नगासमोर तारखेसह करा, आणि सुटलेल्या कडीच्या शेजारच्या दहा-दहा कड्या दोन्ही बाजूंनी तपासून, साखळी मोज्यावरून ओढून मगच परत पाठवा.